चौथ्या लेव्हलचा वारा

मित्रांनो, मी एक जुनी जॉयस्टिक आहे. काळी चौकोनी बैठक, मधोमध बोटभर उंचीची दांडी, दांडीच्या टोकाला एकेकाळी लाल असलेला गोळा आणि कोपऱ्यात एक बटण, एवढाच माझा देह. मागे लांब वायर आहे आणि तिला तीन ठिकाणी चिकटपट्टी लावलेली आहे. स्वतःची कहाणी सांगायला बसलेली वस्तू आपण किती झिजलो आणि जगाने कशी कदर केली नाही, हे सांगते. मीही सांगणार आहे, मिळालेली संधी कोण सोडतं? पण माझ्या कहाणीत एक खोटं आहे. ते मी बोलले नाही, तरी एकतीस वर्षं मी ते पोटात ठेवलं आणि त्याचा त्रासही मला पोटातच झाला.

माझा जन्म एका कारखान्यातला. लांबलचक टेबलाच्या शेवटी एक बाई बसायची. तिने मला हातात घेतलं आणि वर, खाली, डावीकडे, उजवीकडे असं दहा-दहा वेळा दामटलं. मग माझ्या पाठीवर ‘पास’ असा गोल कागद चिकटवला. आयुष्यात मी ही एकच परीक्षा दिली आणि तीत पैकीच्या पैकी मिळवले. तो कागद अजून अर्धा शिल्लक आहे.

तिथून मी व्हिडिओ गेमच्या डब्याबरोबर एका घरात आले. त्या घरातल्या मुलीने दातांच्या तारा वर्षभर एकदाही न कुरकुरता घातल्या, म्हणून तिच्या मामाने तिला हे बक्षीस आणलं होतं. तिचं वय बारा. तिला सगळे ताई म्हणायचे, कारण तिच्या पाठचा नऊ वर्षांचा भाऊ तसं म्हणायचा. भावाचे दोन मित्र दिवसभर त्याच घरात पडीक असत. पुढे तो भाऊ लिफ्टची दुरुस्ती करू लागला, एक मित्र शाळेत चित्रकला शिकवू लागला आणि दुसरा कॉम्प्युटरचा प्रोग्रामर झाला. आता तिघांना मिस्त्री, मास्तर आणि पंडित म्हणतात. पंडितला पंडित का म्हणतात ते त्याने तोंड उघडलं की कळेल.

डब्याबरोबर एकच कॅसेट होती. त्या गेममध्ये एक टोपीवाला माणूस खांद्यावर शिडी घेऊन गच्च्यांवरून पळायचा आणि विझलेले दिवे लावत जायचा. एकूण लेव्हल सात. चौथ्या लेव्हलला एक लांब, अरुंद पूल होता. त्या पुलाकडे नुसतं बघूनच मुलांचा जीव जायचा, पण ताईचं काही बिघडत नव्हतं. वेणीचं टोक दातात धरून, माझ्या दांडीवर अंगठा ठेवून ती तो पूल असा पार करायची की मला स्वतःचाच अभिमान वाटायचा. कधीकधी ती पडद्याकडे बघतही नसे. मागे उभे राहून तिघे पोरगे आ वासून बघत. मित्रांनो, चांगल्या हातात पडणं म्हणजे काय ते मी त्या तीन महिन्यांत अनुभवलं.

मग ती दुपार आली. ताई पोहायला गेली होती. तिघे खेळत बसले होते आणि भावाने आयुष्यात पहिल्यांदाच तिसरी लेव्हल पार केली. त्या वेळी मित्र स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलेले. बघायला कोणी नाही म्हणून गड्याला राहवेना. मला खुर्चीवर ठेवून त्याने हवेत उडी मारली आणि खाली आला तो थेट खुर्चीवर, म्हणजे माझ्यावर. माझ्या पोटात कट्ट झालं.

त्याने मला उचलून हलवून पाहिलं. मी चालत होते. त्याच्या जिवात जीव आला. पण माझ्या आत डावीकडच्या खटक्याची तांब्याची पातळ पट्टी वाकली होती. गार असताना ती गुमान असायची. वीसेक मिनिटं खेळून मी तापले, की ती हळूच खाली टेकायची आणि कोणी दाबलेलं नसताना टोपीवाला डावीकडे सरकू लागायचा. आता मला सांगा, सुरुवातीपासून खेळत गेलं की वीस मिनिटांनी माणूस कुठे पोहोचतो? बरोबर, चौथ्या लेव्हलला.

मित्र परत आले तर टोपीवाला पुलावरून मागे मागे चाललेला. पंडितने विचारलं, “हा मागे का जातोय रे?”

भावाच्या तोंडावरची रेषही हलली नाही. तो म्हणाला, “चौथ्या लेव्हलला वारा असतो. माहीत नाही तुला?”

खोटं बोल पण रेटून बोल म्हणतात, ते मी त्या दिवशी पाहिलं. दोघांनी माना डोलावल्या. संध्याकाळी ताई आली, ओल्या केसांनीच खेळायला बसली आणि पुलावरून पडली. पुन्हा खेळली, पुन्हा पडली. दोन दिवसांत ती अकरा वेळा पडली. भाऊ म्हणाला, “वारा सुटलाय गं ताई. तू फार पुढे गेलीस ना, म्हणून गेम अवघड झाला.”

“परवापर्यंत नव्हता,” ती म्हणाली. मग तिने स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं, वळवून पाहिलं, आणि पुटपुटली, “माझा हात गेला वाटतं.” महिन्याभरात तिने मला भावाकडे सरकवलं. “घे, तुलाच घे. मला नाही जमत आता.” खोक्यातली माहितीपुस्तिका तेवढी तिने स्वतःकडे ठेवली, कारण पहिल्या पानावर मामाने तिचं नाव लिहिलं होतं.

मला त्या क्षणी ओरडून सांगावंसं वाटलं की बाई, तुझा हात शाबूत आहे, पोट माझं बिघडलंय. पण जॉयस्टिकला दिशा चार, वाचा एकही नाही. भावाने तर मिठाची गुळणीच धरली होती. खोट्याची एक गंमत असते. आधी ते तोंडातून बाहेर पडतं, मग रोज ऐकून कानातून आत येतं आणि शेवटी आठवण होऊन बसतं. दोन वर्षांत तो आपण माझ्यावर बसलो होतो हे साफ विसरला. चौथ्या लेव्हलला वारा असतो, एवढंच त्याला खरं वाटू लागलं.

नंतर मी डब्यासकट माळ्यावर गेले. तिथल्या दिवसांचं वर्णन मी लांबवणार नाही. माझ्या एका बाजूला फुटका पंखा होता, दुसऱ्या बाजूला वजनकाटा. वजनकाट्यावर आयुष्यभर लोक उभे राहिलेले, त्यामुळे माझ्यावर एकदाच कोणी बसलं याचं त्याला काही वाटलं नाही.

एक दिवस चाळिशीतल्या मिस्त्रीने मला खाली काढलं. दोन्ही मित्रांना बोलावलं. टीव्ही लावला, डबा सुरू केला, आणि तीन जाडजूड माणसं फरशीवर बसून पोरांसारखी भांडू लागली. खेळता खेळता डबा बंद पडला. तापला होता. मिस्त्री म्हणाला, “हा आता वर्षभर टिकला तरी खूप.” त्यावर पंडित म्हणाला, “मग आपणच नवीन बनवू. तोच गेम, कॉम्प्युटरवर चालणारा. मी प्रोग्राम लिहितो, मास्तर चित्रं काढेल, मिस्त्री बाकीचं बघेल.” तिघांचे डोळे चमकले. खरं सांगायचं तर या तिघांना एकमेकांकडे जायला दुसरं निमित्तच उरलं नव्हतं. कामं, पोरंबाळं, गुडघे यांतून वेळ मिळत नव्हता. दर रविवारी चार ते सहा भेटायचं ठरलं.

मित्रांनो, आरंभशूर हा शब्द मला माहीत होता, पण तीन आरंभशूर एकाच खोलीत मी पहिल्यांदा पाहिले. पहिल्या रविवारी गटाचं नाव ठरवायचं होतं. नावं तीन आली आणि प्रत्येक नावाला एक-एक मत पडलं. दुसऱ्या रविवारी त्या बिननावाच्या गटाचं बोधचिन्ह काढलं. तिसऱ्या रविवारी कामांचा तक्ता भिंतीवर लागला. झालेलं काम हिरवं, चालू असलेलं पिवळं आणि अडलेलं लाल. महिन्याभरात सगळा तक्ता लाल झाला. मास्तरला तो रंग भिंतीवर भडक वाटला, म्हणून त्याने तो पुसून सगळीकडे गुलाबी लावला.

पंडित दवाखान्यांसाठी रुग्णांच्या वेळा लावणारे प्रोग्राम लिहायचा. “आठवडाभर हेच करतो रे,” तो म्हणायचा. “रविवारी पुन्हा तेच उघडायला हातच उचलत नाही.” तो एक ओळ लिहायचा, तिच्याकडे बघत बसायचा आणि पुसून टाकायचा. मास्तर टोपी काढत होता. टोपीवाल्याची टोपी अवघ्या अकरा चौकोनांची. तिची त्याने सेहेचाळीस रूपं काढली आणि प्रत्येक वेळी कागदच बरोबर नाही असं म्हणाला. नाचता येईना अंगण वाकडं. मिस्त्रीचा प्रकार वेगळा. गेमला ज्याचा काडीचाही उपयोग नाही असं प्रत्येक काम तो एका दिवसात करायचा. भिंतीला फळी ठोकली, टेबलाचा हलणारा पाय बसवला, माझ्यासाठी लाकडी बैठक केली. वायरच्या टोकाला आणखी एक नवी पिन जोडून त्याने मला कॉम्प्युटरवरही चालेन असं करून ठेवलं. कॉम्प्युटरवर गेम अजून नव्हता, हा भाग वेगळा.

उत्साह कुठून आणायचा यावरही त्यांनी विचार केला. काम सुरू कसं करावं, हे शिकवणारे व्हिडिओ पंडितने आणले. अर्ध्या तासाचा एक असे तीन पाहिले आणि उरलेला वेळ ते किती पटले यावर बोलण्यात गेला. मग मास्तरने नियम केला. ज्याने आठवड्याचं काम केलं नसेल त्याने चहाचे कप विसळायचे. त्यानंतर त्या घरातले कप इतके लखलखीत झाले की मिस्त्रीच्या बायकोने शेजारणीला बोलावून दाखवले.

मिस्त्रीच्या बायकोला बाकीचे दोघे वहिनी म्हणतात, मीही तेच म्हणते. वहिनी पडदे शिवते. तिला एका शाळेच्या सभागृहाचे बावीस पडदे शिवायचे होते आणि घरात मोठं टेबल एकच, ज्यावर आम्ही बसलो होतो. एका रविवारी ती गळ्यात टेप अडकवून दारात उभी राहिली.

“भावोजी, सात महिने झाले,” ती म्हणाली. “मी काही म्हटलं का?”

“नाही वहिनी,” मास्तर म्हणाला. त्याच्या हातात ओला कप होता.

“आता म्हणते. पाचव्या रविवारी पडद्यांचं कापड येतंय. तोवर चार रविवार आहेत. तुमच्या गेममधला तो माणूस पूल ओलांडताना मला माझ्या डोळ्यांनी दिसला, तर मी जेवणाच्या टेबलावर शिवीन, काहीही बोलणार नाही. नाही दिसला, तर टेबल माझं आणि हा डबा आणि ही काठी भंगारात. जागा अडवून बसलेत नुसते.”

काठी म्हणजे मी. बायको बरोबर बोलतेय हे मिस्त्रीलाही कळत होतं. मी मात्र बसल्या जागी गार पडले. भंगारवाला रोज त्या रस्त्याने ओरडत जायचा. त्याच्या हातगाडीवर मी एकदा एक इस्त्री पाहिली होती, आणि तिचं पुढे काय झालं असेल हा विचार मला नको होता.

त्या दिवशी पहिल्यांदाच काहीतरी खरं ठरलं. बाकी सगळ्या लेव्हल सोडायच्या आणि फक्त चौथी करायची. पंडित म्हणाला, “या गेमचा आत्मा म्हणजे तो वारा. दुसऱ्या कुठल्या गेममध्ये मी तो पाहिला नाही. तो जमला तर सगळं जमलं.” आणि त्याने वारा मोजायला घेतला.

आता माझी अवस्था काय झाली असेल ते तुम्हीच ठरवा. ते जुना डबा लावायचे, मास्तर मला घेऊन खेळायचा, मिस्त्री घड्याळ धरायचा आणि पंडित वहीत लिहायचा. वारा एकोणीस मिनिटांनी सुटला. पुढच्या वेळी एकवीस. गरम दुपारी पंधराच मिनिटांत सुटला. पंडितने पेन खाली ठेवलं.

“लक्षात येतंय का तुमच्या?” तो म्हणाला. “ऊन वाढलं की वारा लवकर सुटतो. बाहेरच्या हवामानाचा विचार केलाय त्या लोकांनी. एवढ्याशा कॅसेटमध्ये.”

“काय माणसं होती रे,” मास्तर म्हणाला आणि त्याने कॅसेटला खरोखर हात जोडले.

मिस्त्रीच्या घामट हातात वारा जोराचा असतो, हेही त्यांना आढळलं. पंडितने त्यालाही कारण शोधलं. एकदा मध्ये न थांबता दोन तास खेळले, तेव्हा पुन्हा पहिल्या लेव्हललाच वारा सुटला. त्यांनी त्याला गुप्त वारा असं नाव दिलं आणि त्यावर चार पानं लिहिली. मी लाजेने आणखी तापायची आणि वारा आणखी वाढायचा.

पण एक गोष्ट मला कबूल केली पाहिजे. त्या वाऱ्याने तिघांना झपाटलं. सात महिने एक ओळ न लिहिलेला पंडित आता रविवारची वाट बघत नव्हता, बुधवारीही येऊन बसायचा. मास्तरने टोपी एका बैठकीत संपवली आणि ती वाऱ्याने मागे कशी झुकते तेही काढलं. कप न विसळलेले पडून राहू लागले. म्हणून मी देवाकडे एकच मागत होते, की हे कोणाला कळू नये. वारा खोटा निघाला तर पंडितचा उत्साह संपणार, गेम संपणार आणि मी हातगाडीवर.

आणि कळायचा धोका तर दोन हातांवर बसलेला होता. तिसऱ्या रविवारी मिस्त्री चहा पिताना सांगत होता, “एका दवाखान्याच्या लिफ्टने डोकं खाल्लं माझं. दुपारी कोणी न दाबता तिसऱ्या मजल्यावर थांबते. सकाळी बघायला गेलं की एकदम शहाणी. शेवटी बटण उघडलं. आतली पट्टी वाकलेली. तापली की टेकते, गार झाली की सुटते. पंधरा मिनिटांचं काम, पण तीन दिवस कोणाच्या लक्षात येईना.”

हे बोलताना त्याचा हात माझ्यावर होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. पंडित म्हणाला, “असं का,” आणि वाऱ्याच्या वहीत डोकं घातलं.

चौथा रविवार उजाडला. गेम तयार होता. कॉम्प्युटरच्या पडद्यावर पूल होता, टोपीवाला होता, टोपी मागे झुकत होती आणि पंडितचा वारा अगदी मोजूनमापून वाहत होता. अडचण एकच. पूल कोणालाच ओलांडता येईना. जुन्या गेममध्ये निदान दहातून एकदा जमायचं, इथे शंभरातून एकदाही नाही. सकाळपासून तिघे आळीपाळीने मला पिळत होते आणि टोपीवाला टपाटप पाण्यात पडत होता. पंडितला कळेना की आपलं गणित चुकलं कुठे. मला कळत होतं. एक वारा त्याने लिहिलेला होता, आणि दुसरा, त्यावर कडी म्हणून, माझ्या पोटातून येत होता.

दुपारी सगळे जेवायला उठले. मी गार झाले. साडेचारला बेल वाजली आणि ताई आली.

ताई आता हाताच्या दुखण्यांवर व्यायाम शिकवते. बोटं, मनगट, अंगठा हा तिचा प्रांत. भावाने गेमबद्दल फोनवर सांगितलं होतं, म्हणून ती जुनी माहितीपुस्तिका घेऊन आली होती. पंडितने ती झडप घालून घेतली आणि चौथ्या लेव्हलचं पान काढलं. “लांब पूल. सावकाश चाला,” त्याने वाचलं. पान उलटलं, पुन्हा सुलटलं. “वाऱ्याचं काहीच नाही.” मग स्वतःच म्हणाला, “मुद्दाम लपवलं असणार.”

“आधी मला जुना खेळू दे,” ताई म्हणाली. “साडेपाचला एक पेशंट आहे, सगळं खेळायला वेळ नाही. थेट पुलावर जाते.” पुस्तिकेत युक्ती होती. दांडी वर धरून डबा सुरू केला की हव्या त्या लेव्हलला जाता येई. लहानपणी मधल्या लेव्हल गाळणं ताईला कमीपणाचं वाटायचं, म्हणून तिने ती कधी वापरली नव्हती. आज वापरली.

तिचा अंगठा माझ्यावर टेकला. मित्रांनो, एकतीस वर्षांनी. मी गार होते आणि पट्टी वर होती. टोपीवाला पुलावर चढला आणि सरळ, डौलात, एकदाही न डगमगता पलीकडे गेला.

पंडितचा चेहरा पांढरा पडला. “वारा सुटलाच नाही,” तो म्हणाला. “असं होऊच शकत नाही. मी वही आणतो.”

पण मिस्त्री वहीकडे बघत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता. गार असताना शहाणी, तापल्यावर वेडी. त्याच्या डोक्यात दवाखान्याची लिफ्ट पोहोचली. त्याने खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला, ताईच्या हातातून मला घेतलं आणि पालथं घालून उघडलं. वाकलेली पट्टी समोर आली. तिच्याकडे बघता बघता त्याचे कान लाल झाले आणि मला कळलं की ह्याला ती दुपार आठवली. खुर्ची, उडी, कट्ट, सगळं.

मी मनात म्हटलं, मुकाट्याने झाकण लाव बाबा. धूळ होती म्हण. कोणाला काय कळतंय. एवढी वर्षं निभावलं, अजून एक दिवस निभाव. मी भित्री आहे, हे मी लपवत नाही.

मिस्त्रीने झाकण लावलं नाही. “ताई,” तो म्हणाला, “वारा नव्हताच. मी हिच्यावर बसलो होतो. तू पोहायला गेली होतीस तेव्हा. तू रागावशील म्हणून वारा म्हणालो. मग मला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं. तुझा हात गेला नव्हता.”

ताईने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिने स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं, तसाच वळवून, बारा वर्षांची असताना पाहिला होता तसा. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते पुसलंही नाही. “रोज लोकांना सांगते मी,” ती म्हणाली, “हात असा एका दिवसात जात नसतो, कारण शोधा. आणि स्वतःचं कारण शोधलंच नाही.” मग तिने भावाच्या डोक्यात एक टपली मारली. ती चांगली जोराची होती, कारण तिच्यात एकतीस वर्षं साठलेली होती.

इकडे पंडित खुर्चीत कोसळला होता. वही त्याच्या मांडीवर उघडी होती. “म्हणजे मी,” तो सावकाश म्हणाला, “चार आठवडे ह्याच्या बुडाचं गणित मांडत होतो?”

“हवामानासकट,” मास्तर म्हणाला.

दारातून वहिनीचा हसण्याचा आवाज आला. ती भिंतीला टेकून हसत होती आणि टेपने डोळे पुसत होती. मिस्त्रीने तेवढ्यात बारीक चिमट्याने माझी पट्टी सरळ केली. पोटात एकदम हलकं वाटलं. झाकण लावून त्याने मला वर, खाली, डावीकडे, उजवीकडे दामटून पाहिलं. कारखान्यातल्या त्या बाईनंतर असं कोणी केलं नव्हतं.

पण पंडितने कॉम्प्युटरकडे हात नेला. “मग आता वारा काढून टाकू,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात जीव नव्हता. वारा काढला तर उरणार काय? एक पूल आणि त्यावर चालणारा माणूस. तिघांचेही खांदे पडले. मी ओळखलं की मला ज्याची भीती होती ते हेच.

“हात लावू नकोस,” ताई म्हणाली. “मला हवाय तो.” तिने मला उचललं आणि कॉम्प्युटरसमोर बसली. “तेव्हा मी कशाने पडतेय तेच मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे. आता बघू.”

ती पडली. दुसऱ्यांदा पडली. पाच, सहा, सात. तिने वेणीचं टोक तोंडात घ्यायला हात मागे नेला, पण केस आता आखूड होते. नऊ, दहा. अकराव्यांदा टोपीवाला पाण्यात पडला तेव्हा भाऊ काहीतरी बोलायला गेला. “तू गप्प बस,” ती म्हणाली.

बाराव्या वेळी ती वाऱ्याशी भांडली नाही. दर तीन पावलांनी तिने मला अर्ध्या केसाइतकं उजवीकडे टेकवलं, सोडलं, पुन्हा टेकवलं. मी सरळ होते, निरोगी होते, ती जे सांगेल ते आणि तेवढंच करत होते. टोपी मागे झुकली, शिडी हलली, आणि टोपीवाला वारा अंगावर घेत पुलाच्या पलीकडे पोहोचला. त्याने शिडी टेकवली आणि दिवा लावला.

वहिनीने तो आपल्या डोळ्यांनी पाहिला. ती एवढंच म्हणाली, “जेवणाचं टेबल पुसून घ्या, पुढच्या रविवारी कापड येतंय.” साडेपाचच्या पेशंटला ताईने फोन करून सहाची वेळ दिली.

आता रविवारी चौघे असतात. पाचवी लेव्हल अजून व्हायची आहे आणि कप पुन्हा लखलखू लागले आहेत, तेव्हा घाई नाही. पण चौथ्या लेव्हलच्या शेवटी पडद्यावर नावं येतात ती तुम्हाला सांगते. चित्रं मास्तर, गणित पंडित, वारा मिस्त्री, आणि त्याखाली ताईने भांडून घालायला लावलेली एक ओळ, ‘विशेष आभार, जॉयस्टिक.’

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. आमच्यावरची धूळ पुसा, वायर गुंडाळून ठेवा, हे तर सगळेच सांगतात. मी म्हणते, खुर्चीवर बसण्याआधी एकदा खाली बघा. आणि बसलातच, काही मोडलंच, तर त्याच संध्याकाळी सांगून टाका. आमची पट्टी चिमट्याने पंधरा मिनिटांत सरळ होते. तुमच्या ताईला मात्र एकतीस वर्षं वाटत राहतं की आपला हात गेला.